वाचकांचे प्रश्न : बैठ्या कामाने मेंदू का थकतो?

प्रश्न : मी केळीच्या एका व्यापारी पेढीवर हिशेब लिहितो. दिवसभर वजनकाट्याच्या पावत्या, शेतकऱ्यांची देणी आणि गाड्यांची भाडी जुळवतो. बागेतून घड वाहणाऱ्या मजुरांसारखे कष्ट मला नाहीत, तरीही संध्याकाळी घरी ‘भाजी कोणती करायची?’ एवढेही सुचत नाही. मेंदूतील साखर संपते काय? सहाच्या सुमारास गोड चहा घेतला की बरे वाटते, पण रात्री झोप लागत नाही.
— एक वाचक, सावदा (जि. जळगाव)

उत्तर : आपला थकवा खरा आहे, बैठ्या कामाला कष्ट न मानण्याच्या आपल्याकडील सवयीपायी त्याला आळस समजू नये. साखर संपण्याचे कारण मात्र येथे लागू पडत नाही. शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा सुमारे २ टक्के असला, तरी स्वस्थ बसलेल्या माणसाच्या ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के ऊर्जा तो वापरतो, आणि अवघड हिशेबाने त्यात पडणारी भर अगदी थोडी असते.

मग थकते काय? एक रक्कम मनात धरून दुसरी शोधणे, मध्येच फोन आला तरी पुन्हा त्याच ओळीवर येणे, एकही पावती गळू न देणे, ही कामे मुख्यतः कपाळामागील मेंदूचा पुढचा भाग सांभाळतो. पॅरिसमधील संशोधकांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना सहा तासांहून अधिक काळ बुद्धीला ताण देणारे काम दिले आणि इतरांना त्याच प्रकारचे सोपे काम दिले. पहिल्या गटात या भागात ग्लूटामेट, म्हणजे चेतापेशींमधील निरोप पोहोचवणारे एक रसायन, अधिक साचलेले आढळले; शिवाय निवड करताना ती माणसे कमी श्रमाच्या आणि लवकर हाती येणाऱ्या मोबदल्याकडे झुकू लागली. हे साचणे वाढू नये म्हणून मेंदू स्वतःलाच आवर घालत असावा, असे संशोधकांचे म्हणणे आहे. सहभागी माणसे थोडी होती, म्हणून हा अंतिम निष्कर्ष मानता येणार नाही. तथापि भाजीचा निर्णय आपल्याला जड का जातो, याचा उलगडा मला साखरेपेक्षा यातून अधिक होतो.

चहाची गोष्ट वेगळी आहे. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचे रसायन वाढत जाते आणि झोपेची ओढ निर्माण होते; चहातील कॅफीन त्याचा परिणाम रोखून धरते, ते घटवत नाही. प्रौढांच्या शरीरातून निम्मे कॅफीन जाण्यास साधारण ५ तास लागतात, त्यामुळे सहाच्या चहाचा अंमल अकरा वाजताही उरतो. तो चहा दुपारीच घ्यावा.

वादाचे, ताळा न जुळणारे हिशेब शक्यतो सकाळी हाती घ्यावेत आणि भाजीही तेव्हाच ठरवावी. मधल्या सुटीत मोबाइल पाहण्याऐवजी थोडे चालावे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. घामाने शरीरातील पाणी घटले तरी लक्ष ढळते, म्हणून पाण्याचा तांब्या जवळ असावा. पूर्ण झोप घेऊनही आठवडेच्या आठवडे थकवा उतरत नसेल, तर हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. घोरताना श्वास अडकतो असे घरच्यांनी सांगितले असल्यास तेही डॉक्टरांच्या कानावर घालावे.