वाचकांचे प्रश्न : परराष्ट्रमंत्र्याचे साप्ताहिक

प्रश्न : व्हिएतनामवरील एका लेखात १९४६ मधील परराष्ट्रमंत्री न्गुयेन तुओंग ताम यांची ओळख आधी 'लोकप्रिय साप्ताहिकाचे संपादक' आणि मग 'मंत्री' अशी करून दिली होती. हा क्रम योग्य आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आमच्या मते हाच क्रम योग्य आहे. ताम यांच्याकडे मंत्रिपद काही महिनेच होते. मार्च १९४६ मध्ये ते हो चि मिन्ह यांच्या संयुक्त सरकारात गेले आणि त्याच वर्षी ते सोडून चीनला निघून गेले. साप्ताहिके मात्र त्यांनी १९३२ पासून १९४० पर्यंत चालवली, आणि आधुनिक व्हिएतनामी गद्य ज्यांनी घडवले त्यांत त्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. साहित्यात ते न्यात लिन या टोपणनावाने ओळखले जातात.

त्यांचा जन्म १९०६ चा. फ्रान्समध्ये विज्ञानाचे शिक्षण घेत असताना तेथील वृत्तपत्रे आणि पुस्तकप्रकाशन यांकडेही त्यांचे लक्ष होते. १९३० मध्ये परतल्यावर ते हनोईतील थांग लोंग या खासगी शाळेत शिकवू लागले. पुढे सेनापती म्हणून जगभर गाजलेले व्हो न्गुयेन जियापही याच शाळेत इतिहास शिकवीत असत. जून १९३२ मध्ये हनोईत 'फोंग होआ' नावाचे साप्ताहिक निघाले होते. त्याच्या नावाचा अर्थ साधारणपणे 'लोकाचार' असा होतो. ते काही केल्या खपेना, तेव्हा १४ व्या अंकापासून, म्हणजे २२ सप्टेंबर १९३२ पासून, न्यात लिन यांनी ते हाती घेतले आणि त्याचे रूपच पालटून टाकले.

हे साधले त्याचे एक कारण लिपीत आहे. चिनी लिपीवर आधारलेल्या, अधिकारी निवडण्याच्या जुन्या दरबारी परीक्षांपैकी शेवटची ह्युए या राजधानीत १९१९ मध्ये झाली. त्यानंतर वाढलेली पिढी रोमन अक्षरांतील 'क्वोक न्गू' लिपी वाचणारी होती. ही लिपी सतराव्या शतकात जेझुइट धर्मोपदेशकांनी घडवली, आणि तिच्यातील पहिला मोठा शब्दकोश १६५१ मध्ये रोम येथे छापणारे आलेक्सांद्र द ऱ्होड्स व्हिएतनामला जाण्याआधी काही काळ गोव्यात राहिले होते. फादर स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' रोमन अक्षरांत छापले गेले तेही याच शतकातले, हे आपल्या वाचकांना आठवेल. शिकायला सोपी आणि छापायला स्वस्त अशा या लिपीमुळे साप्ताहिकाला शहरातील नवा वाचक मिळाला.

त्या वाचकाला न्यात लिन यांनी हसवले, आणि त्यांच्या यशाचे मर्म आम्हाला येथेच दिसते. ली तोएत हा छत्री घेऊन शहरात आलेला, विजेपासून मोटारीपर्यंत प्रत्येक गोष्टीने गोंधळणारा गावचा म्हातारा, आणि त्याचा लठ्ठ सोबती सा से ही व्यंगचित्रांतली जोडी घरोघरी पोहोचली. चित्रे काढणाऱ्यांत तो न्गोक व्हान आणि न्गुयेन जिया त्री यांच्यासारखे, हनोईच्या कलाविद्यालयातून शिकून निघालेले चित्रकार होते. १९३४ मध्ये चित्रकार न्गुयेन कात तुओंग यांनी याच पानांतून स्त्रियांच्या 'आओ दाय' या वेषाचे नवे नमुने मांडले. तुओंग म्हणजे भिंत, म्हणून ते त्याच अर्थाच्या 'ल म्यूर' या फ्रेंच नावाने सही करीत. या सगळ्याच्या जोडीला क्रमशः कादंबऱ्या होत्या. न्यात लिन यांच्या 'दोआन तुयेत' या कादंबरीतील शिकलेली सून सासरच्या जाचात सापडते, झटापटीत तिच्या हातून नवऱ्याचा मृत्यू होतो आणि तिच्यावर खटला चालतो. एकत्र कुटुंबातील स्त्रीच्या स्वातंत्र्याचा हा वाद वाचकांनी आठवड्यामागून आठवडे वाचला.

लेखक जमले, त्यांचे 'तू लुक व्हान दोआन', म्हणजे स्वावलंबी साहित्यमंडळ, उभे राहिले आणि 'दोय नाय' ही स्वतःची प्रकाशनसंस्थाही निघाली. खाय हुंग, कवी तू मो आणि थे लू, शिवाय न्यात लिन यांचे दोन सख्खे भाऊ होआंग दाओ आणि थाक लाम ही त्यातली प्रमुख मंडळी. १९३६ मध्ये फ्रेंच वसाहत सरकारने 'फोंग होआ' बंद पाडले, तेव्हा १९३५ मध्येच सुरू केलेल्या 'न्गाय नाय' (आजकाल) या साप्ताहिकाने काम पुढे चालवले. १९४० मध्ये तेही थांबले. ७ जुलै १९६३ रोजी, दक्षिण व्हिएतनामच्या सरकारने भरलेल्या खटल्याच्या आदल्या दिवशी, न्यात लिन यांनी सायगावमध्ये विष घेतले. आपल्या आयुष्याचा न्याय इतिहासच करील, असे त्यांनी मागे लिहून ठेवले होते.

प्रश्न : व्हिएतनामी साप्ताहिकांत स्त्री-संपादक होत्या का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : होत्या, आणि 'फोंग होआ'च्या पुष्कळ आधी. १९१८ मध्ये सायगावात 'नू जोय चुंग' (स्त्रियांची घंटा) हे साप्ताहिक निघाले. त्याच्या संपादक सुओंग न्गुयेत आन या न्गुयेन दिन चिएउ या प्रसिद्ध अंध कवीच्या कन्या होत्या. साप्ताहिक काही महिनेच टिकले. स्त्रियांसाठीचे मोठे साप्ताहिक 'फू नू तान व्हान' त्याच शहरात मे १९२९ मध्ये सुरू झाले. संपादकबाईंच्या नावातील 'सुओंग' या शब्दाचा अर्थ विधवा. पतीच्या निधनानंतर तो त्यांनी स्वतःच आपल्या टोपणनावापुढे जोडला होता.