दोन ठेवून द्यायच्या का?

"मॅडम, दोन ठेवून दिल्याबगर लेकरू सुधरतं का?" अंगणवाडीच्या वयाच्या मुलांबद्दल मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. गेल्या हंगामात तो बीड जिल्ह्यातल्या एका आजीनं विचारला. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.)

मुलगा-सून ऊसतोडीला गेलेले, चार वर्षांचा नातू आजीपाशी. अंगणवाडीत पोरांना चावायचा. एका पोरीच्या दंडावर दात उमटले, तिची आई भांडायला आली. "घरी धाक नाही," असं ताईंनी ऐकवलं. आजीनं त्याच दिवशी बदडलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चावला, फक्त ताईंची पाठ वळल्यावर. माराचा फायदा झाला तो एवढाच!

ताईंना म्हटलं, किती वेळा चावला ते राहू द्या, कधी चावतो ते बघा. बहुतेक वेळा खिचडीच्या आधी, हात धुवायच्या रांगेत. आजी पहाटेच खुरपणीला जायची, लेकरू चहा-बिस्किटावर आलेलं. त्यात भूक, ढकलाढकली आणि थांबून राहायचं. या वयाला फार वेळ थांबणं जमत नाही, त्यात हट्टाचा भाग कमीच.

मग आजी निघण्याआधी दुधात भाकरी कुस्करून द्यायला लागली. ताईंनी रांग मोडली. चार-पाच जणांनी हात धुवायचे, बाकीच्यांनी गाणी म्हणायची, आणि मगानं पाणी घालायचं काम याच्याकडे. तोंड पुढं आलं की ताई हात धरून खाली बसायच्या: "चावायचं नाही. 'माझा नंबर आहे' म्हण." चावलाच, तर आधी ज्याला लागलं त्याला जवळ घ्यायचं. "तुम्हीपण चावून दाखवा, मग कळंल" हा सल्ला गावोगाव मिळतो. तो अजिबात ऐकू नका.

पण मला माराहून जास्त खटकलं ते आजीचं एक वाक्य. "असं करशील तर तुझी माय यायची नाही." ज्याची आई खरंच चार-पाच महिने दिसत नाही, त्याला हे खरंच वाटतं. ते आधी थांबवलं. संध्याकाळी आई कोपीवर (ऊसतोडीच्या फडाजवळच्या झोपडीवर) आली, रेंज मिळाली, की फोन लावायचा ठरलं. पहिल्यांदा तो फोनवर एक शब्द बोलला नाही, नुसता स्क्रीनला हात लावत बसला.

चावणं हळूहळू कमी झालं. ढकलणं अजून आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नं शाळेत मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी घातली. पण तो कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांसाठी. अंगणवाडीतली लेकरं त्याहून लहान, म्हणून त्यांना मारलं तर चालतं, असा अर्थ कुणी काढू नये.

लेकरू हाकेला वळत नसेल, वयाच्या मानानं बोलत नसेल किंवा स्वतःलाच चावत असेल, तर मात्र तपासणी हवी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. पुढं कधी येणार, ते ताईंना विचारून ठेवा.