'हुकूमशहा'तला शहा

प्रश्न असा आहे: "हुकूमशहा की हुकुमशहा? आणि मतं मिळवून खुर्चीवर बसलेल्याला 'शहा' कसं म्हणायचं? शहा म्हणजे तर राजा."

लेखनाचं आधी उरकतो. सुटा शब्द 'हुकूम', त्यातला कू दीर्घ. प्रत्यय लागला की ऱ्हस्व: हुकुमाने, हुकुमाची. 'हुकूमशहा'त प्रत्यय नाही, समास आहे, म्हणून दीर्घच. छापील मजकुरात ऱ्हस्वही सर्रास दिसतो, ते सोडा.

दुसऱ्या प्रश्नात खरी गंमत आहे. अरबी हुकूम आणि फारसी शाह. आदिलशाही, निजामशाहीपासून ही 'शाही' आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की 'लोकशाही'तही एक शहा दडून बसलाय हे ध्यानातच येत नाही. पण 'डिक्टेटर'साठी हा शब्द घेताना एक गोष्ट निसटली. राजा गादीवर बसतो, हुकूमशहा 'होतो'. म्हणजे आधी तो दुसरं कुणीतरी असतो.

रोममध्ये डिक्टेटर हे चक्क कायदेशीर पद होतं. संकट आलं की नेमायचा, फार तर 6 महिन्यांसाठी. इ.स.पू. 82 मध्ये सुल्ला या रोमन सेनापतीने ही मुदतच उडवली, पण निदान पुढे आपणहून पद सोडलं. ज्युलियस सीझरचं बघा. इ.स.पू. 49 मध्ये तो डिक्टेटर झाला तो 11 दिवस, निवडणुका उरकण्यापुरता. 48 मध्ये वर्षभरासाठी. 46 मध्ये 10 वर्षांसाठी. 44 च्या फेब्रुवारीत 'पर्पेतुओ', म्हणजे कायमचा. पद तेच, मुदत तेवढी लांबत गेली. त्या वर्षीच्या चांदीच्या नाण्यावर त्याचा चेहरा आहे, डोक्यावर पानांची माळ, कडेने अक्षरं: 'सीझर डिक्ट पर्पेतुओ'. राजमुकुट मात्र त्याच महिन्यात त्याने भर उत्सवात नाकारला. शहा म्हणू नका, बाकी सगळं चालेल! 15 मार्चला त्याचा खून झाला आणि मग त्याचा साथीदार अँटनी याने कायदा करून ते पदच मोडीत काढलं.

पत्त्यांतला 'हुकूम' मला इथे जास्त जवळचा वाटतो. हुकुमाची दुर्री दुसऱ्या रंगाच्या एक्क्याला मारते, पण तेवढ्या डावापुरतीच. डाव संपला की पत्ते पिसायचे. सीझरने पिसायचंच बंद केलं.

मूळ रोमन अर्थाला 'सर्वाधिकारी' हा शब्द अधिक जवळचा. 1939 साली हैदराबाद संस्थानात आर्य समाजाचा सत्याग्रह झाला, त्याच्या पुढाऱ्यांना सर्वाधिकारीच म्हणत. एकाला अटक झाली की दुसरा पुढे येई. त्या शब्दात जुलमाचा वास नव्हता.

तेव्हा रीतसर सत्तेवर आलेल्याला हुकूमशहा म्हणता येतं का? येतं. हिटलर 30 जानेवारी 1933 ला जर्मनीचा चॅन्सेलर, म्हणजे सरकारप्रमुख झाला तो राष्ट्राध्यक्षांनी नेमल्यामुळे. सगळी सत्ता त्याच्या सरकारच्या हाती देणारा कायदा 23 मार्चला संसदेत 444 विरुद्ध 94 मतांनी संमत झाला. कम्युनिस्ट सदस्य तोवर तुरुंगात नाहीतर भूमिगत होते, सभागृहात गणवेशातली टोळकी उभी होती, ही गोष्ट वेगळी. त्या कायद्यातही 4 वर्षांची मुदत लिहिलेली होती. ती वाढवत नेली.

आणि ऑफिसात दिवसभर हुकूम सोडणारा साहेब? त्याची बदली होऊ शकते, ५८ किंवा ६० व्या वर्षी त्याला निवृत्तही व्हावं लागतं. त्याला नुसतं खडूस म्हणा.