केबल बंद करा, पण आधी वजाबाकी पुन्हा मांडा

तुमचं पत्र मिळालं. घरात तुम्ही दोघं, दोन मुलं, सासूबाई आणि दोन टीव्ही. केबलचा करार संपायला तीन महिने आहेत, त्याआधी सोडला तर दंड बसेल. तुम्हाला केबल काढून लाइव्ह टीव्ही दाखवणारी स्ट्रीमिंग सेवा घ्यायची आहे, तीही वर्षभराची वर्गणी एकदम भरून, कारण तसं केलं तर बाराऐवजी दहाच महिन्यांचे पैसे पडतात. वाचलेली रक्कम मुलांच्या शिक्षणासाठी गुंतवायची, असा बेत. आणि शेवटी एक ओळ: ‘यात माझं काही चुकतंय का?’

हो, वजाबाकी चुकतेय. केबल सोडायचा विचार मात्र बरोबर आहे.

तुमचे खरे आकडे इथे देत नाही. केबलचं बिल १०० धरतो आणि बाकी सगळं त्याच मापात सांगतो. स्ट्रीमिंग सेवा ६४ ला पडते, म्हणून तुम्ही महिन्याला ३६ वाचले असं लिहून मोकळ्या झालात. पण यजमानांना हवे असलेले खेळांचे चॅनेल त्या ६४ मध्ये नाहीत, त्यांचे वेगळे १८. म्हणजे झाले ८२. दुसरी गोष्ट, तुमचं इंटरनेट केबलवाल्याकडूनच येतं आणि दोन्ही एकत्र घेतल्यामुळे ते ६० ला मिळतं. केबल गेली की ही सवलतही जाते. नुसतं इंटरनेट ७५ ला आहे. आज तुम्ही १६० भरता, उद्या १५७ भराल. छत्तीसचे तीन झाले.

आणि ते तीनही राहणार नाहीत. केबलवरून टीव्ही बघताना इंटरनेटचा डेटा लागत नाही, स्ट्रीमिंगमध्ये प्रत्येक मिनिटाला लागतो. एचडी चित्राला ५ एमबीपीएस (सेकंदाला ५ मेगाबिट) धरले तर तासाला सव्वादोन जीबी होतात. दोन टीव्ही रोज चार-चार तास चालू, म्हणजे महिन्याला ५४० जीबी. तुमचा सध्याचा वापर १८० च्या आसपास आहे आणि प्लॅनची मर्यादा ५००. बेरीज ७२० वर जाते, मग वरचा ९० चा प्लॅन घ्यावा लागणार. एकूण १७२. केबल सोडून दरमहा १२ जास्त! वर्षाच्या वर्गणीतली सवलत धरली तरी आकडा १६१ च्या खाली येत नाही.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात मोलाची वाटली ती मागे जोडलेली यादी. महिनाभर कुणी काय पाहिलं ते तुम्ही वहीच्या पानावर लिहून काढलंत. माझ्याकडे येणाऱ्यांना मी हे करायला सांगून थकलो, करतं कुणीच नाही. तुमच्या पानावर सगळे मिळून नऊ चॅनेल आहेत. त्यातले चार अँटेनावर फुकट दिसणारे. दोन मुलांचे, पण पुढे तुम्हीच कंसात लिहिलंय की मुलं तेच कार्यक्रम मोबाइलवर बघतात. एका चॅनेलवर सासूबाईंची अर्ध्या तासाची मालिका. उरलेले दोन खेळांचे, आणि यजमान ते वर्षातले चार महिने बघतात. एरवी टीव्ही नुसता चालू असतो.

म्हणजे लाइव्ह टीव्हीची सेवा तुम्हाला चार महिनेच हवी आहे. केबलमध्ये हे जमत नाही, तिथे बारा महिने बांधलेले. स्ट्रीमिंगचा खरा फायदा दरात नसून हवं तेव्हा घेऊन हवं तेव्हा सोडता येतं यात आहे. आणि वर्षाची वर्गणी भरून तुम्ही नेमका तोच फायदा परत करताय. दहा महिन्यांच्या पैशात बारा महिने हा सौदा अकरावा महिना बघणाऱ्याला परवडतो.

एकदम पैसे अडकवू नका असं म्हणायला आणखी कारणं आहेत. या धंद्यात दर टिकत नाहीत. अमेरिकेत युट्यूब टीव्ही ही अशीच लाइव्ह टीव्हीची सेवा २०१७ मध्ये सुरू झाली, २०२५ पर्यंत त्याची मासिक वर्गणी सुरुवातीच्या दुपटीच्याही वर गेली होती. सोनीची तशीच सेवा, प्लेस्टेशन व्ह्यू, २०१५ मध्ये आली आणि जानेवारी २०२० मध्ये बंदच झाली. २०२५ च्या अखेरीस दराच्या भांडणात डिस्नेचे चॅनेल युट्यूब टीव्हीवरून सुमारे दोन आठवडे गायब होते, ईएसपीएन या खेळांच्या चॅनेलसकट, ऐन अमेरिकन फुटबॉलच्या मोसमात. महिन्याची वर्गणी असेल तर अशा वेळी माणूस उठून दुसरीकडे जातो. वर्षाची भरलेली असेल तर ग्राहक सेवेला पत्रं लिहीत बसतो.

आता माझा हिशेब. नुसतं इंटरनेट बारा महिने: ९००. खेळांसकट लाइव्ह सेवा चार महिने: ३२८. सासूबाईंची मालिका त्या चॅनेलच्या स्वतःच्या ॲपवर १२ ला आहे. उरलेले आठ महिने ते घ्या: ९६. बातम्या आणि बाकीचं अँटेनावर. एकूण १३२४. आज वर्षाला १९२० जातात. फरक ५९६, म्हणजे महिन्याला जवळजवळ निम्मं केबलचं बिल. डेटाही मर्यादेत बसतो: तुमचे १८०, खेळांच्या महिन्यांत दिवाणखान्यातल्या टीव्हीचे २७० आणि मालिकेचे ३४, मिळून ४८४. थोडं काठावर आहे हे मान्य. खेळ नसताना चित्राचा दर्जा एक पायरी खाली ठेवा, जुन्या टीव्हीवर तो फरक दिसणारही नाही.

दंडाचं भय तुम्ही उगाच बाळगलंय. दंड १२० चा आहे. सामने सुरू व्हायला अजून पाच महिने आहेत, त्यामुळे आज केबल सोडलीत तर पुढचे तीन महिने तुमचा खर्च ८७ असेल, १६० नाही. महिन्याला ७३ वाचतात, तीन महिन्यांत २१९. करार संपायची वाट बघणं दंडापेक्षा महाग पडतंय. तुमच्या मूळ बेतात दंड भरणं वेडेपणाच झाला असता. फक्त इंटरनेटचा करार वेगळा राहील आणि त्यावर दुसरा दंड लागणार नाही, हे केबलवाल्याकडून लेखी घ्या. फोनवरचं ‘नाही लागणार हो’ पुरेसं नाही.

पण फोन करायच्या आधी अँटेना लावून बघा. माझा अर्धा हिशेब त्याच्यावर उभा आहे. प्रक्षेपणाचा मनोरा किती लांब आहे, मध्ये डोंगर किंवा उंच इमारत आहे का, खिडकी कुठल्या दिशेला आहे, यावर सगळं ठरतं. टीव्हीत अँटेनाचे सिग्नल पकडणारा डिजिटल ट्यूनर आहे ना तेही तपासा. चारही चॅनेल स्वच्छ दिसले तर पुढे जा. दोनच दिसले, तर मला पुन्हा लिहा, आकडे बदलतील. अँटेनाचे ३० आणि स्ट्रीमिंगसाठी टीव्हीला जोडायच्या दोन स्टिकचे ८० एकदाच जातील. ते आणि दंड वजा करून पहिल्या वर्षी ३६६ उरतात. गुंतवणुकीचा हप्ता यंदा त्यावरच बेता, पूर्ण ५९६ पुढच्या वर्षीपासून धरा.

यजमानांना एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. स्ट्रीमिंगमध्ये चित्र छोट्या छोट्या तुकड्यांत येतं आणि टीव्ही काही तुकडे जमवून मगच दाखवायला लागतो. त्यामुळे ‘लाइव्ह’ सामना बहुतेकदा केबलपेक्षा वीस-तीस सेकंद मागे असतो. शेजारी ओरडतात आणि आपल्याकडे चेंडू अजून मैदानाच्या मधोमधच असतो. यावर उपाय नाही, मोबाइलवरच्या स्कोअरच्या सूचना बंद करणं एवढंच. फुकट चाचणीचे दिवस मिळत असतील तर ते सामन्याच्या संध्याकाळीच वापरा, मंगळवारी दुपारी सगळंच छान चालतं.

चार महिन्यांनी सेवा बंद करायची हे लक्षात राहील असं समजू नका. मी स्वतः दुसऱ्यांचे पैसे सांभाळतो आणि एका सेवेची वर्गणी सात महिने न बघता भरली आहे, बायकोने खातं चाळताना पकडलं. वर्गणी घेतल्या दिवशीच बहुतेक ठिकाणी ‘पुढे चालू ठेवू नका’ असा पर्याय निवडता येतो, चालू काळ संपेपर्यंत सेवा मिळत राहते. शेवटच्या महिन्याचे पैसे कापले गेले की त्याच दिवशी ते करून टाका. रेकॉर्ड करून ठेवलेले सामने मात्र सेवेबरोबर जातील.

राहता राहिल्या सासूबाई, आणि त्यांच्यावर मी पत्रातल्या कुणाहीपेक्षा जास्त विचार केला. त्या १०४ दाबतात आणि मालिका लागते, असं तुम्ही लिहिलंय. स्टिकच्या रिमोटवर सहसा आकडेच नसतात. बाण दाबत जायचं, चौकोन उजळतो, मग मधलं बटण. माझ्या ओळखीत एका घरी केबल परत आली ती एवढ्याच कारणाने, तीही नव्या ग्राहकाच्या वाढीव दराने. म्हणून केबल चालू असतानाच महिनाभर त्यांच्या टीव्हीला स्टिक जोडा, मालिकेचं ॲप पहिल्या चौकोनात आणून ठेवा आणि रिमोट त्यांच्या हातात देऊन तुम्ही स्वयंपाकघरात जा. त्यांनी तीन संध्याकाळी हाक न मारता मालिका लावली, की चौथ्या दिवशी केबलवाल्याला फोन करा. दोन्ही बॉक्स स्वतः नेऊन द्या आणि पावती घ्या, नाहीतर त्यांचं भाडं चालूच राहतं.