वसंतात फुलपाखरांची नोंद ठेवायची तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की पुण्यात राहता, फेब्रुवारी ते मे या काळात टेकडीवर जाऊन फुलपाखरांच्या नोंदी ठेवायच्या आहेत, पण ओळखीचे म्हणतात फुलपाखरं पावसाळ्यानंतर बघायची असतात, उन्हात काय मिळणार. तेव्हा या महिन्यांत फिरण्यात काही अर्थ आहे का, आणि असेल तर नोंद ठेवायची कशी?

अर्थ नक्की आहे. संख्येपुरतं ओळखीच्यांचं म्हणणं बरोबर आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरची गर्दी मार्चमध्ये दिसणार नाही. पण बघणारी मंडळीही त्याच दोन महिन्यांत बाहेर पडतात. फुलपाखरांच्या नोंदींचा देशभरचा उपक्रम, 'बिग बटरफ्लाय मंथ', तोसुद्धा सप्टेंबरातच असतो. साहजिकच कोरड्या महिन्यांत नेमाने ठेवलेली वही जास्त मोलाची ठरते.

वसंतात मी आधी झाडं बघते, फुलपाखरं नंतर. आपल्याकडे थंड देशांसारखं सगळं गोठून पुन्हा जिवंत होत नाही. फुलपाखरं वर्षभर असतातच. होळीपर्यंत टेकडीवरचं गवत वाळून जातं आणि अंडी घालायला कोवळं पान कुठे मिळेल, हा मादीपुढचा खरा प्रश्न असतो. त्याचं उत्तर झाडांकडे असतं, कारण आपली बरीच झाडं पावसाची वाट न बघता पालवतात. करंज, आंबा, उलटा अशोक, थोडा उशिरा बहावा. अशी चार-पाच झाडं हेरून ठेवा आणि चैत्रपालवी फुटली की त्यांच्यापाशी उभे राहा.

आंब्यापासून सुरुवात करा. हाताला येणारी एखादी फांदी घ्या आणि पानं एकेक करून बघा. कॉमन बॅरन या फुलपाखराचा सुरवंट हिरवा असतो, पाठीवर एक फिकट पिवळी रेघ आणि दोन्ही अंगांना पिसांसारखे लांब काटे. तो पानाच्या मधल्या शिरेवर असा लांब होऊन बसतो की त्याची रेघ आणि पानाची शीर एक होऊन जाते, काटे पानाच्या नक्षीत विरून जातात. तो तिथे आहे हे सांगूनही लोकांना दिसत नाही. त्याच आंब्यावर बांडगूळ असेल तर फारच छान. बागाईतदार बांडगुळाला शिव्या घालतात, पण 'हळदीकुंकू' म्हणजे कॉमन जेझेबेल अंडी घालते ती त्यावरच, पुंजक्याने, आणि सुरवंटही घोळक्यानेच खात बसतात.

बहाव्याच्या कोवळ्या पानांवर कॉमन एमिग्रंटची मादी क्षणभर टेकते, पोटाचं टोक वाकवते आणि उडते. ती गेली की पान बघा, एक उभट पांढरं अंडं चिकटवलेलं दिसेल. उलट्या अशोकाच्या पालवीवर टेल्ड जे येतो. लिंबू आणि कढीपत्ता कुंडीतला असला तरी चालतो, लाइम बटरफ्लायला तेवढा पुरतो. त्याचा लहान सुरवंट हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखा दिसतो, म्हणून झटकून टाकू नका. सोसायटीच्या कुंपणावर कण्हेर असेल तर पानांच्या खालून डोकवा. 'हबशी' म्हणजे कॉमन क्रो, त्याचा कोष चांदी-सोन्याचा मुलामा दिल्यासारखा चकाकतो. आणि आषाढी द्वादशीला जिच्या फळांची भाजी होते त्या वाघाटीच्या कुळातल्या वेली तुमच्या टेकडीवर कुठे आहेत ते शोधून ठेवा, कारण व्हाइट ऑरेंज टिप तिथे घिरट्या घालते.

आता नोंदीचं. ब्रिटनमध्ये अर्नी पोलार्ड या अभ्यासकांनी १९७० च्या दशकात एक साधी पद्धत बसवली आणि १९७६ पासून तिथे त्याच पद्धतीने देशभर मोजणी चालू आहे. एक वाट ठरवायची, दर आठवड्याला त्याच वाटेने सावकाश चालायचं, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर आणि पुढे पाच मीटर एवढ्याच जागेत दिसलेली फुलपाखरं मोजायची. मागे वळून मोजायचं नाही. तिकडे थंडी फार असेल तर मोजणी करत नाहीत. आपल्याला थंडीबरोबर उन्हाचाही विचार करावा लागतो: फेब्रुवारीत नऊच्या सुमारास निघा, कारण पंख उन्हात तापल्याशिवाय ती उडत नाहीत. एप्रिल-मेमध्ये मात्र आठलाच निघा आणि साडेदहाच्या आत संपवा.

वाट फार लांब नको, कंटाळा न येता दर आठवड्याला होईल एवढीच. वेताळ टेकडीसारख्या ठिकाणी वाट निवडताना थोडं मोकळं माळरान, थोडी देशी झाडी आणि थोडा गिरिपुष्पाच्या, म्हणजे ग्लिरिसिडिया या परदेशी झाडाच्या, लागवडीचा पट्टा असं सगळं येऊ द्या. 'तिथे काही मिळत नाही' म्हणून गिरिपुष्पाचा पट्टा टाळू नका. तिथे शून्य आलं तर शून्य लिहा. आपल्याकडच्या बहुतेक हौशी वह्यांत ही शून्यंच नसतात, आणि ती नसली की पाच वर्षांनी काय कमी झालं हे कुणालाच सांगता येत नाही.

टेकडीवर झाडांना पाणी घालणारी पाइपलाइन कुठेतरी ठिबकत असतेच. उन्हाळ्यात त्या ओल्या मातीवर नर क्षार शोषायला जमतात. ही जागा वाटेवर असेल तर तिथला आकडा वेगळा लिहा, नाहीतर तेवढ्यानेच सगळी सरासरी फुगते.

ओळख पटवताना वसंतात एक अडचण येते. बऱ्याच जातींची पावसाळी आणि कोरड्या ऋतूतली रूपं वेगळी असतात. पीकॉक पॅन्सी पावसाळ्यात पंख मिटून बसली तर खालच्या बाजूला डोळे दिसतात. उन्हाळ्यात तेच फुलपाखरू वाळकं पान होऊन जातं, पंखांची टोकंही जास्त अणकुचीदार. इव्हनिंग ब्राउनचंही तसंच, आणि ते संध्याकाळी उडतं. म्हणून पंखांच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. दुसरी फसवी जोडी म्हणजे रुईवरचा बिबळ्या कडवा, प्लेन टायगर, आणि त्याची नक्कल करणारी डॅनेड एगफ्लायची मादी. कडव्याच्या मागच्या पंखाच्या मधोमध काळे ठिपके असतात, तिच्या पंखात तो पुंजका नसतो. आणि ती घोळीच्या भाजीभोवती जमिनीलगत रेंगाळत असेल तर शंकाच नको. यलो गटातली फुलपाखरं उडताना ओळखता येत नाहीत, तिथे खुशाल 'ग्रास यलो' एवढंच लिहा. अंदाजाने जातीचं नाव लिहिलेली नोंद पुढे कुणाच्या उपयोगाची नाही.

जाळी अजिबात वापरू नका. काही जातींना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, आणि मोबाइलच्या फोटोवर काम भागतं. फोटो 'आयनॅचरलिस्ट'वर किंवा 'बटरफ्लाइज ऑफ इंडिया'वर तारीख आणि जागेसह टाका, तिथली जाणकार मंडळी ओळख तपासून देतात.

मे संपता संपता एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. दक्षिण भारतात पावसाच्या तोंडावर पश्चिम घाटातून पूर्वेच्या मैदानांकडे कडवे (टायगर गटातली फुलपाखरं) आणि हबशी यांची स्थलांतरं नोंदली गेली आहेत. वळिवाच्या दिवसांत टेकडीवर फुलांकडे न वळता सगळी एकाच दिशेने जाताना दिसली तर नेहमीची मोजणी थांबवा, एका जागी उभे राहा आणि दहा मिनिटांत किती गेली ते मोजा. वेळ, वारा कुठून आहे आणि ती कुठे चालली आहेत हे लिहा. जात नक्की कळली नाही तरी दिशा लिहाच.