मुलीला सिलिॲक निघालंय. ग्लुटेन-फ्री राहायला ऑनलाइन कुठे नीट शिकता येईल?

तुम्ही लिहिलंय की नऊ वर्षांच्या लेकीला सिलिॲक, म्हणजे गहू, जव अशा धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याच्या अस्तराला इजा होणारा आजार, असल्याचं निदान नुकतंच झालं, दवाखान्यातून ‘गहू, मैदा, रवा बंद’ एवढंच सांगून पाठवलं आणि आता घरबसल्या, शक्यतो मराठीतून, सगळ्यांना शिकायचंय. घरात आजी आहेत, मोठा मुलगा आहे आणि सोमवारपासून सगळ्यांचाच गहू बंद करायचा विचार आहे.

त्या सोमवारबद्दल आधी बोलते. सगळ्यांचा गहू इतक्यात बंद करू नका. एकाला सिलिॲक निघाला की आईवडील आणि सख्ख्या भावंडांत तो असण्याची शक्यता साधारण दहात एक असते, आणि कुठलाही त्रास होत नसतानाही तो असू शकतो. त्याची पहिली रक्ततपासणी, टीटीजी-आयजीए, गहू खाणं चालू असतानाच खरं सांगते. गहू सुटला की रक्तातली प्रतिपिंडं हळूहळू उतरतात, अहवाल चांगला येतो आणि आजार तसाच राहतो. म्हणून तुम्ही दोघं आणि थोरला, तिघांची तपासणी आधी करून घ्या. लेकीचा गहू मात्र डॉक्टरांनी सांगितल्यापासून पूर्ण बंद.

आता शिकण्याबद्दल. माझ्या मुलाला हा आजार प्राथमिक शाळेत असताना निघाला. आज तो कॉलेजात आहे, खोली घेऊन राहतो आणि स्वतःचं जेवण स्वतः करतो. मधल्या काळात मी यावर जे मिळेल ते पाहिलं, वाचलं. त्यावरून माझं मत असं झालंय की आजार परदेशी संस्थांकडून शिकावा आणि स्वयंपाकघर आपलं आपणच तपासावं. त्यांचे धडे ब्रेड, पास्ता, बिअर यांच्याभोवती फिरतात. आपल्या घरातला गहू वेगळ्याच डब्यांत बसलेला असतो.

आजाराच्या माहितीसाठी अमेरिकेतली सिलिॲक डिसीझ फाउंडेशन (१९९० पासून) आणि इंग्लंडची सिलिॲक यूके (१९६८ पासून) या दोन संस्थांच्या साइटपासून सुरुवात करा. बियॉन्ड सिलिॲक या संस्थेचे वेबिनार डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ घेतात. शिकागो विद्यापीठाच्या सिलिॲक केंद्राची माहिती तपासण्यांच्या बाबतीत फार स्पष्ट आहे. धड्यामागून धडा असं शिकायचं असेल तर मध्य युरोपातल्या ‘फोकस इन सीडी’ या प्रकल्पाने रुग्णांसाठी आणि डॉक्टरांसाठी वेगवेगळे ई-लर्निंगचे धडे केले आहेत, ते इंग्रजीतही आहेत. लेकीला स्वतःला कळावं म्हणून जीआयकिड्स बघा, ते मुलांच्या पोटविकारांच्या डॉक्टरांच्या संघटनेचंच काम आहे. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. गोविंद माखरिया यांचं या आजारावर मोठं काम आहे, त्यांची व्याख्यानं आणि मुलाखती यूट्यूबवर ऐकायला मिळतात.

हिंदीतलं साहित्य मराठीपेक्षा जास्त सापडतं, त्यालाही कारण आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात उत्तरेत सिलिॲकचं प्रमाण १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळलं. या आजाराला लागणारी जनुकं तिन्हीकडे जवळपास सारखीच होती, फरक होता तो गहू खाण्यात. जिथे आजार जास्त दिसतो तिथे त्याबद्दल बोललंही जास्त जातं.

या सगळ्यातून एक आकडा मात्र घरातल्या प्रत्येकाला समजावून द्या. ग्लुटेन-फ्री म्हणजे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नाही. आपल्या एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियमही हाच आहे. २००७ सालच्या एका अभ्यासात रोज फक्त ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने दिल्यावर सिलिॲकच्या रुग्णांच्या आतड्याच्या अस्तराला इजा झालेली दिसली. आणि एक ग्रॅम कणकेत साधारण ८० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. म्हणजे पोळीचा तुकडा तर सोडाच, पोळपाटावर राहिलेलं चिमूटभर पीठही मोजावं लागतं. ‘एवढ्याशाने काय होतंय’ म्हणणाऱ्या प्रेमळ नातेवाइकांपुढे मला या हिशेबाचाच उपयोग झाला.

आता तुमचं स्वयंपाकघर. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, सगळ्या डाळी, पोहे यांत मुळात ग्लुटेन नाही. महाराष्ट्रात राहण्याचा हा फार मोठा फायदा आहे, तिकडच्या आया महागडा ब्रेड शोधत फिरतात आणि आपल्याकडे भाकरी आहे, उपासाचं अख्खं ताट आहे, उकडीचे मोदक आहेत. पण हिंगाची डबी उलटी करून बघा. बाजारात मिळणारा बहुतेक हिंग बांधानी असतो, म्हणजे डिंक आणि पीठ घालून केलेला, आणि ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं किंवा मैद्याचं असतं. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो मागून घ्या. फोडणीतून रोज जाणारी ही गोष्ट परदेशी धड्यात आली तरी एखाद्या ओळीत येते. मेतकुटात गहू असतो. थालीपिठाच्या भाजणीत असतो. सातूच्या पिठात आणि कुरडयांतही. माल्ट घातलेल्या दुधाच्या पावडरींत जव असतो. विकतची लोणची, मसाले, पापड यांत हिंग कोणता ते वाचल्याशिवाय घेऊ नका. ओट्स तर गव्हाच्या संगतीतच पिकतात आणि दळले जातात, त्यामुळे सुरुवातीला ते बाजूलाच ठेवा.

यापेक्षा मोठी गोष्ट गिरणीची. ज्वारी कितीही निवडून दिली तरी गव्हामागून त्याच जात्यावर दळली की त्यात गव्हाचं पीठ येणारच. आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गहू कधीच घालत नाही. परवडत असेल तर पहिला खर्च हाच करा. महागड्या ग्लुटेन-फ्री बिस्किटांवर नको.

घरात दोन्ही प्रकारचा स्वयंपाक होणार असेल तर एक सुचवते. सिलिॲक यूके आणि सिलिॲक ऑस्ट्रेलिया हॉटेलच्या आणि कॅन्टीनच्या लोकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण देतात. आहे ते धंद्यातल्या लोकांसाठी, पण एकाच ओट्यावर दोन प्रकारची पिठं सांभाळायची कशी हे त्याच्याइतकं नीट मला दुसरीकडे मिळालं नाही: वेगळी चाळणी, वेगळं पोळपाट-लाटणं, ग्लुटेन-फ्री स्वयंपाक आधी, पुऱ्या तळलेल्या तेलात पापड नाही, दह्यात-लोणच्यात पोळीचा हात लागलेला चमचा नाही. आजींना व्हिडिओ लावून देऊन मोकळं होऊ नका. आपोआप येणारी मराठी सबटायटल्स नेमकी औषधांच्या आणि धान्यांच्या नावांना घसरतात. शेजारी बसा, थांबवून थांबवून सांगा आणि लगेच ओट्याशी जाऊन त्यांच्याच डब्यांवर ते करून बघा. माझ्या सासूबाई अशाच शिकल्या. पुढे आल्यागेल्यांना खडसावून चाळणी बदलायला लावणाऱ्या त्याच होत्या.

कोणाकडून शिकू नये हेही सांगते, कारण यात मुलांचं नुकसान होताना मी पाहिलंय. ग्लुटेन-फ्रीला वजन कमी करण्याचा उपाय म्हणून शिकवणारे वर्ग तुमच्या कामाचे नाहीत, त्यांना पोळपाटावरच्या पिठाचं काही वाटत नसतं. सिलिॲक मुळापासून बरा करतो म्हणणाऱ्यांपासून चार हात लांब राहा, हा पथ्य आजन्म पाळायचा आजार आहे. आणि खपली. ‘खपली गव्हात ग्लुटेन कमी, सिलिॲकला चालतो’ हे मी भल्याभल्या आरोग्य-चॅनलांवर ऐकलंय. खपली हा गहूच आहे, परदेशी याद्यांत टाळायच्या धान्यांत ‘एमर’ लिहिलेलं असतं तो हाच. बन्सी, जोडगहू, देशी गहू, कुठलाही चालत नाही. आंबवून केलेला गव्हाचा पावही चालत नाही.

धडे बघून झाले की त्याच आठवड्यात आहारतज्ज्ञांची एक भेट घ्याच, ऑनलाइन चालेल, पण सिलिॲकची मुलं नेहमी बघणारी व्यक्ती हवी. लोह, ड जीवनसत्त्व, उंची आणि वजन यांचा हिशेब व्हिडिओ ठेवू शकत नाही. टीटीजीची पुढची तपासणी कधी करायची ती तारीख डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. आकडा उतरत नसेल तर बहुधा कुठून तरी गहू पोटात जातोय, तेव्हा पुन्हा हिंग, गिरणी आणि शाळेचा डबा तपासायचा.

शाळेसाठी वर्गशिक्षिकांना एक पानभर मराठीत लिहून द्या: काय चालतं, काय नाही, वाढदिवसाच्या केकऐवजी काय द्यावं, मैत्रिणींशी डब्याची अदलाबदल का नको. आणि लेकीला पाकिटामागचं वाचायला आत्तापासून शिकवा. आपल्याकडे पाकिटावर ॲलर्जीकारक घटक वेगळे लिहावे लागतात, त्यात गहू, जव, राय (‘rye’ हे धान्य, मोहरीची राई नव्हे), ओट्स येतात. दुकानात पाकीट तिच्या हातात द्या, तिने वाचावं, ‘चालेल’ की ‘नाही’ ते तिने सांगावं. तुम्ही नुसतं मागून बघून घ्या.