बारकोडमध्येच किंमत असते का? मग एकच साबण दोन दुकानांत वेगळ्या दराने कसा मिळतो?

नसते. हे मला माझ्या घरातच अजून पटवून देता आलेलं नाही, म्हणून लिहायला बसले.

साताऱ्यात आमचं किराणा दुकान आहे. गल्ल्यावर मी, खरेदी आणि कॉम्प्युटर नवऱ्याकडे. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेदिवशी साबण, शाम्पू, टूथपेस्टवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. आदल्या रविवारी रात्री नवरा रेट बदलायला बसला. शाम्पू झाले, पेस्ट झाल्या, आणि साबणांपाशी आला तोवर भारत-पाकिस्तान मॅच सुरू झाली.

सकाळी नारळ, विड्याची पानं, साबुदाणा, भगर यांची ही झुंबड. त्यात एका रिटायर्ड गुरुजींनी साबणाच्या चार वड्या घेतल्या. मी टूंटूं करत गेले, १६० रुपये झाले. गुरुजींनी बिल डोळ्यांजवळ नेलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "टॅक्स दिल्लीत कमी झाला, ताई. साताऱ्याला यायचाय वाटतं अजून." मागे रांगेत आठ-दहा बायका. चाळीसची वडी साडेपस्तीसच्या आसपास लागायला हवी होती, म्हणजे चार वड्यांवर सतरा-अठरा रुपये जास्त. मी अठरा परत दिले, माफी मागितली. आणि आतून नवऱ्याचा आवाज, "मशीन चुकत नाही, तूच काहीतरी दोनदा मारलं असशील."

आता बघा. वेष्टनावरच्या रेघा रविवारी होत्या त्याच सोमवारी होत्या. किंमत त्यांच्यात असती तर रातोरात सगळी वेष्टनं बदलावी लागली असती. त्या रेघांखालच्या तेरा आकड्यांत फक्त वस्तूची ओळख असते. स्कॅनर ती वाचतो, कॉम्प्युटर आपल्या यादीत ती वस्तू शोधतो आणि तिच्यापुढे दुकानदाराने जो रेट टाकलाय तो बिलात आणतो. प्रत्येक दुकानाची यादी वेगळी, म्हणून दर वेगळा. सुरुवातीचं ८९० म्हणजे भारतात बनलेला माल, हेही डोक्यातून काढा. कंपनीने नंबर जीएसवन इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय, एवढंच त्यातून कळतं.

मशीन वाचण्यात सहसा चुकत नाही, हे मात्र खरं. पहिल्या बारा आकड्यांना आलटूनपालटून १ आणि ३ ने गुणून बेरीज करायची, ती पुढच्या दहाच्या पटीत न्यायला जेवढे कमी पडतात तो तेरावा आकडा. जुळला नाही तर टूं वाजतच नाही. तेवढ्यापुरता नवरा बरोबर. पण साबण ओळखला मशीनने, ४० रुपये ठेवले कोणी?

हां, एक राहिलं. सुपरमार्केटात वजन करून जे लेबल चिकटवतात, डाळीच्या नाहीतर भाजीच्या पिशवीवर, त्याचा नंबर बऱ्याचदा २ ने सुरू होतो आणि त्यात वजन किंवा किंमत खरंच असते. नवरा नेमका हाच अपवाद पुढे करतो. साबण काय मी तराजूत तोलून विकते?

तुम्ही दुकान टाकायच्या विचारात असाल तर एकच सांगते. रात्री रेट बदलणाऱ्यालाच दुसऱ्या दिवशी सकाळी गल्ल्यावर बसवा. आमच्याकडे दिवाळीत बसवला होता. अकरा वाजता म्हणाला, जरा गोडाऊनला जाऊन येतो.